न्हाणीघरातला आवाज

अंघोळीला जाताना मोबाइल सोबत न्यायचा, खिडकीच्या कट्ट्यावर नाही तर साबणाच्या फळीवर टेकवून ठेवायचा आणि पाण्याच्या आवाजावर मात करील इतक्या मोठ्याने गाणी, बातम्या किंवा एखादी मालिका लावायची, ही सवय शहरी घरांत आता रुळली आहे. तिच्याबरोबर तिच्यावरची टीकाही रुळली. दिवसभरात तेवढी दहा-पंधरा मिनिटेच माणूस स्वतःजवळ असायचा, तीही आता या यंत्राने खाल्ली, असा त्या टीकेचा सूर असतो. टीका करणाऱ्यांनी अंघोळीचा इतिहास मनाशी आधीच ठरवलेला असतो: पूर्वी अंघोळ एकट्याने, शांतपणे, मन आत वळवून होत असे आणि मोबाइलने त्या शांततेचा भंग केला. महाराष्ट्रातल्या अंघोळीचा जो इतिहास हाताशी आहे तो या समजुतीला आधार देत नाही. इथली अंघोळ बहुतेक काळ माणसांच्या सोबतीने आणि आवाजांच्या गजबजाटात झाली. कडी लावलेली, बाहेरचा आवाज आत न येणारी अंघोळ मध्यमवर्गाच्या फार तर एका पिढीच्या वाट्याला आली, आणि तीही काही विशिष्ट गोष्टी एकापाठोपाठ एक घडल्या म्हणून. मोबाइल शिरला तो या अलीकडच्या पोकळीत.

पाणी घरात नव्हते, माणूस पाण्याकडे जात होता, इथून सुरुवात करावी लागते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात पाणी आणले गेले. ती त्या काळातली मोठीच करामत होती, पण ते पाणी पोचले हौदांपर्यंत. काळा हौद, बदामी हौद ही नावे तिथूनच आली. घराघरात धार पडायला अजून शंभर-सव्वाशे वर्षे होती. मुंबईत विहारचे पाणी नळाने आले ते १८६० मध्ये, तोवर सारी भिस्त विहिरींवर आणि तलावांवर. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक हे तलाव पुढे बुजवले गेले. वाळकेश्वरचा बाणगंगा मात्र अजून आहे. नाशिकचे रामकुंड, वाईचे घाट, गावोगावच्या नद्यांचे आणि ओढ्यांचे काठ या सगळ्या ठिकाणी अंघोळ म्हणजे चारचौघांत करायची गोष्ट. तिथे स्तोत्रे मोठ्याने म्हटली जात, थंड पाण्यात उतरताना देवाचे नाव जरा जास्तच मोठ्याने घेतले जाई. कपड्यांवर धोपाटणी पडत, सुनांच्या आणि सासवांच्या कागाळ्या निघत, बाजारभाव सांगितले जात.

यावर शास्त्राचा आधार घेऊन हरकत घेता येते. स्मृतींनी मौन पाळण्याचे जे प्रसंग सांगितले आहेत त्यांत दात घासणे आणि जेवण यांच्याबरोबर स्नानही आहे. मग शांत अंघोळ हाच मूळ आदर्श नव्हता का? आदर्श होता, हे मान्य. पण जेवताना गप्प बसावे असेही त्याच वचनात आहे, आणि म्हणून मराठी पंगत कधी गप्प होती असे कोणी म्हणणार नाही. लोक न बोलता अंघोळ करत असते तर बोलू नका असा नियम घालायची गरज पडली नसती. शिवाय त्याच परंपरेने स्नान करणाऱ्याला नद्यांची नावे घ्यायला लावली, संकल्प उच्चारायला लावला, सूर्याला अर्घ्य देताना मंत्र म्हणायला लावले. शास्त्राला नकोशी होती ती बडबड. पाण्याशी असलेला उच्चाराचा संबंध त्याने तोडला नाही, उलट पक्का केला.

घरच्या खास अंघोळींकडे पाहिले की हा संबंध आणखी स्पष्ट दिसतो. बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्या मुलाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी बाई गात असे किंवा निदान लयीत काहीतरी पुटपुटत असे, कारण तिचे हात जी लय धरत ती तोंडालाही हवी असे. लग्नाची हळद लागल्यावर चार बाजूंना तांबे मांडून, त्यांना सूत गुंडाळून मध्ये बसवलेल्या नवरा-नवरीवर पाणी पडे ते वाजंत्र्यांच्या आणि बायकांच्या गाण्यांच्या साथीने. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान चालू असताना मध्येच ओवाळायचे, बाहेर फटाके उडवायचे, अंगाला पायाखाली फोडलेल्या कारिटाचा कडवट वास. या अंघोळीची कल्पना शांततेत करताच येत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये स्नानभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे, करमणुकींमध्ये जलक्रीडा आहे, आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात ही नोंदही त्याच ग्रंथात आहे. अंगमेहनतीच्या, रोजच्या, हातांना गुंतवणाऱ्या आणि डोक्याला मोकळे सोडणाऱ्या कामाला गाणे चिकटते, ही गोष्ट जवळजवळ नऊशे वर्षे कागदावर आहे. अंघोळ अशाच कामांपैकी एक.

राजेरजवाड्यांची अंघोळही एकांताची नव्हती. आग्र्याच्या किल्ल्यात १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराजांना औरंगजेबासमोर नेण्यात आले ते दिवाण-इ-खासात, आणि त्या दालनाला त्या काळचे कागद गुसलखाना, म्हणजे न्हाणीघर, म्हणतात. हमामाजवळच्या अशा जागी निवडक लोकांशी खलबते करण्याची मोगल बादशहांची वहिवाट जुनी होती. त्याही आधी पहिल्या शतकात सेनेका नावाचा रोमन तत्त्वज्ञ एका स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहत असताना तिथल्या गोंगाटाबद्दल एका पत्रात कुरकुरला आहे. त्याच्या यादीत पाण्यात धपकन उड्या मारणारे आहेत, खाद्यपदार्थ विकणारे आहेत, आणि अंघोळ करताना स्वतःचाच आवाज ऐकायला आवडणारा एक गृहस्थही आहे. अंघोळीच्या वेळी गळा मोकळा करणाऱ्याची जात जवळजवळ दोन हजार वर्षे जुनी म्हणायला हरकत नाही.

या सगळ्याचे गोड चित्र रंगवण्याचा मोह मात्र आवरायला हवा. घाटावरची सोबत सर्वांसाठी नव्हती. कोणत्या पाणवठ्यावर कोणी उतरायचे हे जातीने ठरत असे, आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने मंजूर केल्यावरही महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. बायकांच्या बाबतीत नदीकाठ म्हणजे गप्पांची जागा होती तशीच ती ओल्या लुगड्यात परक्या नजरा चुकवण्याचीही जागा होती. चार भिंती आणि एक कडी ही त्यांच्यासाठी चैन नव्हती, सुटका होती. म्हणून बोलकी अंघोळ चांगली आणि बंद दाराआडची वाईट, असे म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते की शांतता ही अंघोळीबरोबर जन्मलेली नाही.

अंघोळ घरात आली तरी ती लगेच एकटी पडली नाही. वाड्यातले न्हाणीघर मागच्या अंगणाजवळ, खाली फरशी, वर कौले, मध्ये हवा-आवाज खेळायला भरपूर फटी. पाणी तापायचे चुलीवर किंवा तांब्याच्या बंबात. बंबाचा हिशेब कडक असे: जितके गरम पाणी काढाल तितके गार पाणी वरून ओतायचे, आणि पुढच्या माणसासाठी ते तापेपर्यंत निखारे फुंकायचे. त्यामुळे एकाची अंघोळ चालू असताना दुसरा बाहेर पंचा खांद्यावर टाकून उभा, आणि आत-बाहेर संवाद अखंड चालू. मुंबईच्या चाळीत तर न्हाणीघरही नव्हते, खोलीच्या कोपऱ्यात गुडघाभर कठड्याची मोरी होती. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड इथे २०७ चाळी बांधल्या. जेमतेम १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांत सात-आठ माणसे राहत आणि मोरीला आडोसा असेच तर एखाद्या जुन्या लुगड्याचा. तिथे अंघोळ करणारा माणूस घरातल्या प्रत्येक संभाषणात हजर असे, त्याची इच्छा असो वा नसो.

या टप्प्यावर रेडिओ आला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पण रेडिओ सामान्य मराठी घराच्या सकाळीत मुरला तो स्वातंत्र्यानंतर. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर तिथून ‘गीतरामायण’ दर आठवड्याला प्रसारित झाले, एकूण छप्पन्न गाणी. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती आली. सकाळी भक्तिगीते, मग सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या आणि पुढे चित्रपटसंगीत, हा क्रम आणि अंघोळींचा क्रम एकमेकांत इतका बसला की बातम्या संपल्या म्हणजे अमक्याने न्हाणीतून बाहेर यायला हवे, हे घरात कोणी सांगायला लागत नसे. व्हॉल्व्हचा तो रेडिओ बाहेरच्या खोलीत, फळीवर, विजेच्या तारेला बांधलेला. पण त्याचा आवाज कौलांखालून आत पोचे. मला यात विशेष वाटते ते असे की न्हात असताना ज्याला कशालाही हात लावायचा नसे, त्या सोवळ्यातल्या माणसालाही आवाज चालत असे. आवाजाला विटाळ नव्हता. पाणवठ्याने जी माणसे वेगळी ठेवली, त्यांच्या मोरीत आणि ब्राह्मण आळीच्या न्हाणीघरात सकाळी एकच गाणे वाजत होते. करमणूक आणि भक्ती यांची फारकत करणाऱ्यांनी ‘गीतरामायण’ नक्की कोणत्या खान्यात टाकायचे ते ठरवून पाहावे. स्तोत्र वेगळे आणि सिनेमाचे गाणे वेगळे ही हरकत तत्त्वतः बरोबर असली, तरी सकाळच्या रेडिओने दोन्ही एकाच तासात, एकाच कानाला ऐकवली आणि कोणी उठून बंद केली नाहीत.

मग शांत अंघोळ आली कुठून? तीन गोष्टी जुळल्या. पहिली म्हणजे घर बदलले. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे वाडे वाहून नेले आणि शहर नव्या वसाहतींकडे सरकले. १९६३ मध्ये मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला, आणि संडास-बाथरूम आत असलेला ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’ हे मध्यमवर्गाचे स्वप्न झाले. दुसरी गोष्ट म्हणजे भिंत बदलली. सिमेंटच्या बंद खोलीला चकचकीत टाइल्स लागल्या, वर स्लॅब आला, दार घट्ट बसले. अशी खोली बाहेरचा आवाज अडवते आणि आतला वाढवते. १.२ मीटर रुंदीच्या बाथरूममध्ये दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे १४३ हर्ट्झच्या आसपासचा स्वर घुमतो, आणि बोलताना पुरुषाचा मूळ स्वर याच पट्ट्यात असतो. बेताचा गळा तिथे भरदार वाटतो. बाथरूम सिंगर हा प्राणी या टाइल्सचे अपत्य आहे. कौलारू न्हाणीत त्याला एवढी साथ मिळाली नसती. तिसरी गोष्ट दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुढे सकाळचे प्रसारण आले, नव्वदीत केबल आली, आणि घरातल्या करमणुकीची सूत्रे कानाकडून डोळ्यांकडे गेली. बंद दाराआडून रेडिओ अर्धामुर्धा तरी ऐकू येई. टीव्ही तिथून निरर्थक. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची वीस-पंचवीस वर्षे बाथरूम हा घरातला एकमेव कोपरा राहिला जिथे प्रसारमाध्यम पोचत नव्हते. आज ज्या शांततेची हळहळ वाटते ती या पंचवीस वर्षांची आहे. हळहळणारे बहुतेक त्याच काळात वाढले, त्यामुळे त्यांना ती सनातन वाटते.

हे इथेच घडले असे नाही. जपानमध्ये सार्वजनिक स्नानगृहे गप्पांचे अड्डे होती. शिकितेई सान्बा याने १८०९ ते १८१३ या काळात तिथल्या बडबडीवर ‘उकियोबुरो’ हे विनोदी पुस्तकच लिहिले, आणि एडोच्या (आजच्या टोकियोच्या) स्नानगृहांच्या वरच्या मजल्यावर बैठे खेळ रंगत. १९६८ च्या सुमारास देशात अशी स्नानगृहे अठरा हजारांच्या घरात होती. घराघरांत टब आले तशी ती ओस पडली. आणि पाण्यात चालणारे मोबाइल जगात इतरत्र नवलाई होते तेव्हा जपानच्या बाजारात ते नेहमीची गोष्ट झाले होते, त्याचे एक कारण टबात बसून फोन वापरणारे गिऱ्हाईक. आधी सोबत गेली, मग यंत्र आले, क्रम तोच.

आपल्याकडे यंत्र आत जायला दोन अडथळे होते, पाणी आणि पैसा. सोनीच्या एक्सपीरिया झेडने २०१३ मध्ये आणि आयफोन ७ ने २०१६ मध्ये पहिला अडथळा कमी केला. त्यांच्यावरच्या आयपी खुणेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा: तिच्यातला शेवटचा ७ हा आकडा सांगतो की गोड्या पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास फोन तग धरेल. वाफ, साबणाचा फेस, शॉवरची जोराची धार यांची हमी तो देत नाही, आणि ओल्या बोटांना पडदा धड दाद देत नाही, कारण पाण्याचा थेंब आणि बोट यांत त्याला फरक कळत नाही. चार्जरला लावलेला फोन तर न्हाणीत नेऊच नये. त्यात जीव जाऊ शकतो. दुसरा अडथळा सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या फुकट डेटाने मोडला. तासभर काहीही चालू ठेवायला पैसे लागतात हा विचारच मागे पडला. शहरातल्या छोट्या घरात बाथरूम ही कडी असलेली एकमेव खोली असते हेही विसरू नये. बाहेर टीव्हीवर सासऱ्यांच्या बातम्या चालू असताना आपल्या आवडीचे गाणे पूर्ण ऐकायचे तर सुनेला दुसरी जागा कुठे आहे?

इथे सर्वांत दमदार हरकत पुढे येते. ओवी, स्तोत्र, बाथरूममधले गाणे हे माणूस स्वतः करत होता. मोबाइल त्याला नुसता ऐकणारा करतो. ही हरकत मी अर्धी मान्य करतो. गाणे ‘करणे’ आणि ‘लावणे’ यांत फरक आहे, पण ऐकणारा तो मोबाइलच्या आधीच झाला होता, रेडिओच्या काळात, आणि तेव्हा कोणाला खेद झाला नाही. खरा फरक निवडीचा आहे. घाटावरच्या गप्पा, वाजंत्री, सात-पाचच्या बातम्या हे सगळे दुसऱ्याने ठरवलेले आणि दुसऱ्यांसोबत वाटून घेतलेले होते. मोबाइलवरचे गाणे माझे मी निवडलेले, आणि बहुधा मागच्या आठवड्यात ऐकले त्याच्याच जातीचे. गेले असेल तर हे गेले आहे, न मागितलेले कानावर पडणे. त्याबद्दल हळहळायला माझी हरकत नाही.

पाण्याची हरकत वेगळी, आणि तिचे उत्तर बादलीत आहे. शहरी पाणीपुरवठ्याच्या भारतीय मानकात माणशी रोज १३५ लिटर धरतात, त्यांत अंघोळीला ५५. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो, म्हणजे दोन गाण्यांत तो वाटा संपतो. पण मराठी अंघोळ अजून बहुतांशी बादलीची आहे, आणि बादलीला पंधरा-वीस लिटरांची सीमा आहे. गाणे कितीही लांबले तरी पाणी वाढत नाही. बादली-तांब्याच्या अंघोळीत दोन्ही हात गुंतलेले, डोळ्यांवर साबण, त्यामुळे मोबाइल तिथे पाहिला जात नाही, ऐकला जातो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला गेली, त्याच वर्षी फुकट डेटाही आला. पाण्याचा तुटवडा आणि आवाजाची चंगळ एकत्र नांदू शकतात.

उरते एक अडचण, आणि ती माझ्याच मांडणीची. बंद बाथरूमने पोकळी तयार केली आणि मोबाइलने ती भरली, हे म्हणणे ज्यांच्याकडे बाथरूम आहे त्यांच्यापुरतेच खरे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ६३ टक्के कुटुंबांकडे फोन होता, तर घराच्या आवारात बाथरूम होते सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडे; आणखी १६ टक्क्यांकडे बिनछपराचा आडोसा, आणि उरलेल्यांकडे तोही नाही. म्हणजे फोन आधी आला, न्हाणीघर नंतर. कालव्यावर कपडे धूत असताना दगडावर ठेवलेला मोबाइल सगळ्यांसाठी मोठ्याने वाजतो, आडोशाआडचे गाणे शेजारच्या घरालाही ऐकू जाते. तिथे तो जुन्या रेडिओचेच काम करतो, आणि रेडिओसारखाच तो बहुधा घरातल्या पुरुषाच्या मालकीचा असतो. या घरांत आता बाथरूम बांधली जात आहेत. रेडिओ आणि मोबाइल यांच्यामधली ती बिनआवाजाची पंचवीस वर्षे त्यांच्या वाट्याला येणार नाहीत, कारण दाराला कडी बसण्याआधीच मोबाइल घरात आलेला आहे.